खिळे वितळण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात आयर्लंडमध्ये, डब्लिनला चौथीत शिकते. मागच्या महिन्यात तिच्या बाईंनी वर्गात सांगितले की प्रत्येकाने आजी-आजोबांच्या घरातली एक वस्तू आणायची आणि ती कोणी, कशासाठी वापरली हे पाच वाक्यांत सांगायचे. तिने फोनवर विचारले, "आबा, तुमच्याकडचं काय नेऊ?" मी तिला माझी स्टिक पाठवली. स्टिक म्हणजे डाव्या हातात धरायची, तीन बाजूंना कड असलेली लोखंडी पट्टी. छापखान्यातला जुळारी तिच्यात एकेक खिळा, म्हणजे शिशात पाडलेले एकेक अक्षर, लावत ओळ जुळवतो. १९६८ ते १९९६ अशी अठ्ठावीस वर्षे मी शनिवार आणि नारायण पेठेतल्या छापखान्यांत हेच काम केले. लग्नपत्रिका, तेराव्याच्या पत्रिका, नाटकांच्या जाहिराती, दिवाळी अंक, शाळांच्या प्रश्नपत्रिका. त्या स्टिकवर माझ्या अंगठ्याने घासून झालेली गुळगुळीत जागा आहे. नातीला मी तिथे बोट ठेवून बघायला सांगितले.

पार्सल पोस्टात देऊन परत येताना २०१९ चा उन्हाळा आठवत होता आणि त्यातूनच हे पत्र लिहायला बसलो आहे. विषय वस्तुसंग्रहालयांचा आहे आणि आपल्या शहराशी त्याचा थेट संबंध आहे.

त्या वर्षी मुलीकडे तीन महिने राहिलो होतो. जावयांनी एका रविवारी कॉलिन्स बरॅक्स या संग्रहालयात नेले. ही मूळची इंग्रजांची लष्करी छावणी. १९२२ मध्ये ती आयरिश लोकांच्या ताब्यात आली, तिला मायकेल कॉलिन्स या स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्याचे नाव मिळाले, आणि १९९७ पासून तिथे राष्ट्रीय संग्रहालयाचा एक विभाग आहे. १९१४ मध्ये बंडासाठी बंदुका घेऊन आलेली 'आसगार्ड' ही शिडाची होडी तिथे अख्खीच्या अख्खी ठेवली आहे. जावई ती बघण्यात रमले. मी पुढे गेलो आणि काचेमागच्या एका कागदापाशी थांबलो.

साधारण तीस इंच उंच आणि वीस इंच रुंद असा तो कागद म्हणजे इंग्रजांविरुद्ध १९१६ च्या ईस्टरला झालेल्या उठावाचा जाहीरनामा. आयर्लंड प्रजासत्ताक झाल्याची घोषणा त्यात आहे. सोमवारी २४ एप्रिलला उठावाचा एक नेता पॅट्रिक पिअर्स याने तो डब्लिनच्या मुख्य पोस्टासमोर उभे राहून वाचला. खाली सात नावे आहेत आणि त्या सातही जणांना पुढच्या काही आठवड्यांत गोळ्या घातल्या. तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला हा कागद ठाऊक असतो. घरांत, दुकानांत, पबमध्ये त्याच्या प्रती चौकटीत लावलेल्या मी पाहिल्या. आपल्याकडे शिवाजी महाराजांची तसबीर असावी तसा.

मला इंग्रजी बेताचे येते, पण मजकूर वाचायच्या आधीच माझे लक्ष 'ई' या अक्षरावर गेले. एकाच ओळीत दोन वेगवेगळ्या घडणीचे 'ई' होते. एका शब्दात एक, पुढच्या शब्दात दुसरा, मग पुन्हा पहिला. मी काचेला नाक लावले. माझ्या मनात लगेच आले की यांचे खिळे कमी पडले होते!

खाली पाटी होतीच, आणि मुलीने नंतर आणखी वाचून सांगितले. छपाई झाली रविवारी, २३ एप्रिलला, लिबर्टी हॉल या कामगार संघटनेच्या इमारतीत, एका जुन्या खिळखिळ्या मशीनवर. जुळारी दोघे, मायकेल मलॉय आणि लियम ओब्रायन. मशीनवर क्रिस्टोफर ब्रेडी. खिळे इतके अपुरे की दुसऱ्या एका छापखानेवाल्याकडून उसने आणले. तरीही सगळा मजकूर एकदम जुळेना, तेव्हा आधी वरचा अर्धा भाग जुळवून छापला, मग तेच खिळे सोडवून खालचा अर्धा भाग जुळवला आणि त्याच कागदांवर पुन्हा छापला. मोठ्या टायपातला एक 'ई' मिळेना, म्हणून 'एफ'ला लाखेचा तुकडा चिकटवून 'ई' केला. अडीच हजार प्रती काढायच्या होत्या, हजाराच्या आसपास निघाल्या. नंतर इंग्रज सैनिक त्या इमारतीत शिरले तेव्हा खालच्या अर्ध्या भागाचे खिळे मशीनवर तसेच होते, असे सांगतात.

लाखेच्या त्या 'ई'पाशी माझे डोळे भरून आले. कारण आमच्या छापखान्यात एकदा जाहीर सभेच्या पत्रकासाठी मोठ्या टायपातला 'ध' संपला होता. रात्रीचे दहा वाजले होते, सभा दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्या मिस्त्रींनी 'घ' घेतला, कानशीने त्याची शिरोरेषा डावीकडून तासली आणि 'ध' करून दिला. नेहमीच्या मजकुरातला 'स' कमी पडला की शेजारच्या छापखान्यातून आणायचो. पण आमचे खिळे निर्णयसागरी वळणाचे आणि त्यांचे दुसऱ्या फाउंड्रीचे, त्यामुळे एका पानावर दोन तऱ्हांचे 'स' यायचे. गिऱ्हाइकाला कळत नसे. आम्हाला मात्र ते पान बघवत नसे. जी गोष्ट आम्ही आयुष्यभर दोष म्हणून लपवली, तीच गोष्ट त्या देशाने काचेत ठेवली आहे आणि खाली तीन कामगारांची नावे लिहून तिचे कारण सांगितले आहे.

मलॉयची आणखी एक हकिगत आहे. त्या सात जणांच्या सह्यांचा कागद त्याच्या खिशात राहिला होता. उठाव मोडल्यावर तो पकडला गेला. तो कागद सापडला असता तर सह्या करणाऱ्यांविरुद्ध पुरावाच मिळाला असता. कैदेत असताना त्याने तो चावून चावून त्याचा चोथा केला. म्हणून आज त्या सह्या कुठेच पाहायला मिळत नाहीत, छापलेली नावे तेवढी मिळतात. एका जुळाऱ्याने केवढी मोठी जबाबदारी पेलली, हे मी घरी परतल्यावरही कितीतरी दिवस सांगत होतो.

आता पुण्याकडे येतो. त्याच आठवड्यात, २८ एप्रिल १९१६ रोजी, लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. 'होमरूल' हा शब्दच मुळी आयर्लंडच्या चळवळीतून आपल्याकडे आलेला. डब्लिनमध्ये पोस्टाच्या इमारतीवर तोफा डागल्या जात होत्या आणि इकडे बेळगावात सभा चालू होती. दोन्हीकडचा मजकूर कोणीतरी उभे राहून, खिळा खिळा करून जुळवत होते. लोकमान्यांना याची जाण होती. मराठी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यासाठी त्यांनी स्वतः डोके घातले होते. इंग्रजीत सव्वीस अक्षरांवर भागते. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरून शेकड्यांनी खण लागतात. मराठी जुळारी चारी बाजूंनी केसांनी, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या लाकडी ट्रेंनी, वेढलेला उभा असे. 'केसरी'चे अग्रलेख म्हटले की आपण लिहिणाऱ्याचे नाव घेतो आणि ते घ्यायलाच हवे. पण मंडालेची शिक्षा ज्या लेखांमुळे झाली, ते लेख कोणाच्या बोटांखालून गेले होते?

डब्लिनच्या त्याच संग्रहालयात एक हिरवा झेंडा आहे, त्यावर 'आयरिश रिपब्लिक' अशी मोठी अक्षरे रंगवलेली. काउंटेस मार्कीविच या क्रांतिकारक बाईंच्या घरी तो रंगवला, असे सांगतात. पोस्टाच्या इमारतीवर तो फडकला, मग इंग्रजांनी तो काढून नेला. इंग्रज अधिकारी तो उलटा धरून उभे आहेत असे छायाचित्रही आहे. पन्नास वर्षे तो लंडनच्या युद्धसंग्रहालयात होता, १९६६ मध्ये परत आला. तो पाहताना मला आपला झेंडा आठवला. मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्टला जगभरच्या समाजवाद्यांच्या परिषदेत फडकवलेला झेंडा आपल्या पुण्यात, केसरी-मराठा ग्रंथालयात आहे. इंदुलाल याज्ञिकांनी तो हिंदुस्थानात आणला. हिरवा, केशरी, तांबडा असे तीन पट्टे, वर कमळे, खाली सूर्य आणि चंद्रकोर आणि मधोमध देवनागरीत 'वन्दे मातरम्'. परक्या मुलखात, परक्या भाषांच्या सभेत देवनागरी अक्षरे! आयरिश जाहीरनाम्याचेही तसेच आहे. सगळा मजकूर इंग्रजीत, पण अगदी वरची ओळ त्यांच्या स्वतःच्या भाषेत. किती पुणेकरांनी हा झेंडा पाहिला आहे? माझ्या इमारतीतल्या चौदा घरांत मी विचारले. दोघांनी पाहिला होता, त्यातला एक मी.

त्या वरच्या ओळीबद्दल आणखी थोडे. शब्द आयरिश असले तरी अक्षरे रोमन आहेत. आयरिश भाषेची स्वतःची गोलसर, देखणी अक्षरे होती. शाळेची पुस्तके त्यांतच छापली जात. १९६० च्या दशकात शाळांनी ती सोडली आणि रोमन घेतली. आता ती जुन्या पाट्यांवर आणि दगडांवर दिसतात. हे ऐकताना मला माझ्या आजोबांची मोडीतली जमाखर्चाची वही आठवली. मी अक्षरांवर पोट भरलेला माणूस, पण ती वही मला वाचता येत नाही. मोडी हाताने भरभर लिहायची लिपी. छापखान्यात बाळबोध टिकली आणि मोडी घराघरांतल्या पेट्यांत राहिली. कोणता खिळा पाडला जातो आणि कोणता नाही, यावर एखाद्या समाजाचे नातवंडांशी बोलणे ठरते, हे मला फार उशिरा कळले.

डब्लिनमधल्या पाट्यांविषयी सांगायलाच हवे, कारण हे पत्र लिहिण्याचे अर्धे कारण त्या आहेत. तिथे 'तारा ब्रोच' नावाचा आठव्या शतकाच्या सुमाराचा एक दागिना आहे. अंगावरचे वस्त्र अडकवायची ती मोठी पिन आहे आणि तिच्यावरची नक्षी भिंगातून बघावी इतकी बारीक. तारा ही आयरिश राजांची टेकडी. पण हा दागिना तिथे सापडलेलाच नाही! तो १८५० मध्ये बेटिसटाउनच्या समुद्रकिनाऱ्यावर सापडला. एका जवाहिऱ्याने विकत घेऊन त्याला 'तारा' हे भारदस्त नाव दिले आणि त्याच्या नकला विकल्या. दुसरी वस्तू म्हणजे ट्रिनिटी कॉलेजातले हार्प हे तंतुवाद्य. त्याला ब्रायन बोरू या राजाचे नाव आहे. ब्रायन बोरू १०१४ मध्ये लढाईत मारला गेला आणि वाद्य चौदाव्या-पंधराव्या शतकातले. म्हणजे मध्ये तीन-चारशे वर्षे! हे सगळे तिथले लोकच तुम्हाला सांगतात, आडपडदा न ठेवता. आणि तरीही ते हार्प त्यांच्या सरकारी मुद्रेवर आहे, युरोच्या नाण्यावर आहे. एका प्रसिद्ध बिअरच्या बाटलीवर ते आधीपासून होते, म्हणून १९२२ मध्ये नव्या सरकारने त्याची बाजू उलटी घेतली. त्याही आधी, सोळाव्या शतकात, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने आयर्लंडसाठीच्या नाण्यांवर हार्प घातले होते. राज्यकर्त्यांनी वापरलेले चिन्ह लोकांनी आपलेसे केले. हे सगळे माहीत असूनही माझी नात ते नाणे मुठीत घट्ट धरते.

आपल्याकडे २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला वाघनखे आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. ज्या संग्रहालयाने ती दिली, त्यांचेच म्हणणे आहे की अफझलखानाच्या वेळची ती हीच, असे खात्रीने सांगता येत नाही. ग्रँट डफ हा कंपनी सरकारचा अधिकारी साताऱ्याला असताना ती त्याच्याकडे आली, असे त्यांच्या पेटीवर लिहिले आहे. मी साताऱ्याला जाऊन रांगेत उभा राहून ती पाहिली आणि हात जोडले. खरा इतिहास पाटीवर लिहिल्याने माझे हात जोडणे कमी झाले नसते. प्रतापगडाला कोणत्याही पाटीची भीती वाटायचे कारण नाही.

पुण्यात या बाबतीत ज्यांचे ऋण कधी फिटणार नाही ते म्हणजे दिनकर केळकर. एकुलता एक मुलगा राजा लहानपणी गेला आणि त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभर वस्तू गोळा केल्या. कवितेत 'अज्ञातवासी' म्हणून वावरलेला हा माणूस गावोगाव हिंडला आणि अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्ये, दरवाजे घेऊन आला. जवळजवळ वीस हजार वस्तू! पुढे त्यांनी त्या सरकारच्या हवाली केल्या. तलवारी-ढालींच्या बरोबरीने अडकित्ता हाही महाराष्ट्राचा इतिहास आहे, हे त्यांनी कोणी सांगण्याआधी ओळखले. लहानपणी आई मला त्यांच्या संग्रहालयात घेऊन गेली होती. एका अडकित्त्यापाशी थांबून ती म्हणाली, "अगदी माझ्या सासूबाईंच्यासारखा आहे." आमच्या घरातली एक बाई त्या क्षणी इतिहासात आली असे मला वाटले.

मागच्या दिवाळीत नात आली होती तेव्हा मी तिला इथल्याच दुसऱ्या एका संग्रहालयात नेले. एका पेटीत लाकडी ठसे होते, कापडावर छापायचे. पाटीवर तीन शब्द होते, 'ठसे, लाकूड, महाराष्ट्र', आणि खाली त्याचे इंग्रजी. तिने विचारले, "आबा, हे कोणी केले?" मी म्हणालो, लिहिलेले नाही. ती पुढच्या पेटीपाशी गेली, मग त्याच्या पुढच्या, आणि चौथ्या पेटीपाशी तिने विचारणे सोडून दिले. मुलाने विचारणे सोडून दिले म्हणजे त्या खोलीतले काहीतरी कायमचे गेले.

माझी मागणी एकच आहे. पुणे हे मराठी छपाईचे मोठे गाव. पेठांच्या बोळांतून ट्रेडल या छपाईच्या मशीनचा आवाज चोवीस तास येत असे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा छापखान्यांत चिखल शिरला आणि आमचे थोरले लोक आठवडेच्या आठवडे खिळे धूत बसले होते, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. पुरातून वाचवलेले ते खिळे पुढे आम्हीच भंगारात दिले. १९९६ मध्ये आमचा छापखाना बंद झाला तेव्हा शिशाचा भाव बघून खिळे किलोवर गेले. तीस-पस्तीस पोती. ती पोती टेम्पोत चढवणाऱ्यांत मी होतो. काही खिळ्यांवर त्या दिवशीच्या मजकुराची शाई अजून ओली होती. एका दुपारी सगळे वितळले असेल.

पुण्याच्या कोणत्याही एका संग्रहालयाने मराठी खिळ्यांचा एक पूर्ण संच, सगळ्या केसांसह, उभा करून ठेवावा. त्याच्याजवळ एक चालते ट्रेडल असावे आणि मुलांना स्वतःचे नाव जुळवून छापू द्यावे. शेजारी पेठांमधल्या जुळाऱ्यांची, मशीनमनची, बाइंडिंग करणाऱ्या बायकांची नावे असावीत, निदान आता हयात असलेल्यांची. त्यांतले बरेच जण ऐंशीच्या पुढचे आहेत. आजच वही घेऊन त्यांच्याकडे गेले तर कोणत्या खणात कोणते अक्षर होते हे ते डोळे मिटून सांगतील. शाळांनी वर्षातून एक दिवस मुलांना घरची वस्तू आणायला सांगावी आणि ती कोणी केली, कोणी वापरली हे पाच वाक्यांत बोलायला लावावे. याला खर्च काहीच नाही.

माझ्याकडे पाइका या मापाच्या खिळ्यांनी भरलेल्या दोन केसा आणि थोडा मोठा टाईप आहे. छापखाना बंद झाला त्या दिवशी मालकांनी मला ते दिले. त्यांत कानशीने तासलेला तो 'ध' आहे. जे संग्रहालय हे सगळे नीट ठेवील त्याला मी ते विनामूल्य देईन आणि आठवड्यातून दोन दिवस येऊन मुलांना स्टिक कशी धरायची ते शिकवीन. तळमजल्यावर जागा असली तर बरे होईल, कारण केसा जड असतात आणि आता मला त्या जिन्याने वर नेता येणार नाहीत.

आपला,
एक निवृत्त जुळारी
शनिवार पेठ, पुणे